सा कुठं धरायचा ते तुमच्या हातात: म्युझिक बॉक्सवरच्या पत्रांना उत्तरं

मागच्या अंकात कागदी पट्टीवर भोकं पाडून वाजवायच्या त्या छोट्या म्युझिक बॉक्सबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच आला. मला वाटलं होतं हा आपला एकट्याचाच नाद आहे, पण सांगली-मिरजेत आणि तिकडं सातारा-कराडातसुद्धा बरेच जण हँडल फिरवत बसलेत असं दिसतंय. ज्यांनी मागचा अंक वाचला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो की आत स्टीलची एक फणी असते, तिचा प्रत्येक दात म्हणजे एक सूर, आणि दाताच्या शेजारी छोटी चांदणीसारखी चकती असते. पट्टीवरचं भोक चकतीवर आलं की चकतीचं टोक त्यात अडकतं, कागद पुढं सरकताना ती फिरते आणि दात छेडला जातो. बास, एवढंच यंत्र. लिहिताना फणीच्या डब्याला मी बॉक्स म्हणतोय आणि पेटी म्हणजे आपली हार्मोनियम, नाहीतर घोळ होईल.

प्रश्न: सर नमस्कार, मुलाला वाढदिवसाला १५ सुरांचा म्युझिक बॉक्स घेतला. तो क्लासला जातो, पेटी शिकतोय. भूपची सरगम पट्टीवर पाडली ती मस्त वाजली, मग यमन करायला बसलो तर तीव्र मध्यमच (चढा म) नाही! जिथून घेतला त्यांना विचारलं तर म्हणाले ३० सुरांचा घ्या, पण तो बराच महाग आहे. घ्यावा का? (विश्रामबाग, सांगली)

ताई, घेऊ नका, निदान यमनसाठी तरी घेऊ नका. तीव्र मध्यम तुमच्या बॉक्समध्ये आहे, तुम्ही सा चुकीच्या जागी धरल्यामुळं तो लपलाय.

आता बघा, १५ सुरांच्या पट्टीवर इंग्रजी अक्षरं छापलेली असतात, सी डी ई एफ जी ए बी आणि पुन्हा सी पासून, असं दोन सप्तकं आणि वरचा एक सी. म्हणजे पेटीच्या भाषेत सगळ्या नुसत्या पांढऱ्या पट्ट्या, काळी एकपण नाही. पहिली रेघ पांढरी एक, दुसरी रेघ पांढरी दोन, सातवी रेघ पांढरी सात, आठवीला पुन्हा पांढरी एक. मुलाला असं सांगा, त्याला लगेच कळेल, त्या अक्षरांच्या नादी लागू नका. अक्षर सी म्हणून तिथंच सा असं आपण धरून चालतो आणि तिथंच फसतो.

सा उचलून चौथ्या रेघेवर ठेवा, म्हणजे पांढरी चार. आता मोजा. पाचवी रे, सहावी ग, आणि सातवी रेघ, म्हणजे बी, हा एफ पासून मोजला तर तीव्र मध्यम होतो. आठवी प, नववी ध, दहावी नि, अकरावी तार सा. झाला की कल्याण थाट, म्हणजे यमनचे सगळे सूर. आणि मजा म्हणजे खाली तीन रेघा उरतात त्या मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातले प ध नि, वर चार उरतात त्या तार, म्हणजे वरच्या सप्तकातले रे ग म प. मंद्र पंचमापासून तार पंचमापर्यंत बरोब्बर दोन सप्तकं, बॉक्स बनवणाऱ्याने यमनसाठीच बनवलाय असं वाटावं. यमनची उठावणी नि रे ग, ती पाडायची ३, ५, ६ वर, आणि पुढं म ध नि सां म्हणजे ७, ९, १०, ११. आज संध्याकाळीच करून बघा.

आपल्याकडं याला मूर्च्छना म्हणतात, पुस्तकात वाचताना डोक्यावरून जातं पण या १५ रेघांवर ते पाच मिनिटांत समजतं. सूर तेच, सा हलला की राग बदलला. सा पहिल्या किंवा आठव्या रेघेवर धरला की बिलावल. दुसऱ्यावर काफी, पण तिथं खाली एकच सूर मिळतो, कोमल नि, त्यामुळं भीमपलासीची नि सा ग म ही उठावणी जेमतेम बसते (१, २, ४, ५) आणि त्याच्या खाली जायचं नाव घ्यायचं नाही. तिसऱ्या रेघेवर सा धरला की भैरवी, रे ग ध नि सगळे कोमल आपोआप, काही करावं लागत नाही. पाचव्यावर खमाज थाट, आणि सहाव्यावर आसावरी.

सातव्या रेघेवर सा धरायला गेलात तर पंचमच मिळत नाही, म्हणून लोक ती जागा सोडून देतात. पण मालकंसात पंचम असतो कुठं? सातवर सा धरा, ९ ला कोमल ग, १० ला म, १२ ला कोमल ध, १३ ला कोमल नि, १४ ला तार सा. मालकंस तयार. हे मला एका पावसाळी दुपारी लाईट गेलेली असताना सापडलं, आणि खोटं कशाला बोलू, त्या दिवशी लय भारी वाटलं होतं.

आता जे होत नाही तेही सांगतो म्हणजे भोकं पाडून पट्ट्या वाया जायला नकोत. देस, किंवा खमाजच म्हणा, त्यात दोन्ही निषाद लागतात, कोमल मिळेल पण शुद्ध मिळणार नाही. भैरव नाही. तोडी नाही. मारवा, पूरिया यातलं काही नाही, कारण त्या रागांत सुरांमधली अंतरं अशी आहेत की पांढऱ्या पट्ट्यांवर सा कुठंही सरकवला तरी जुळत नाहीत. त्यासाठी मग ३० सुरांचा. पण मुलगा आत्ता भूप, दुर्गा, यमन, भैरवी याच टप्प्यावर असेल ना? मग पाचएक वर्षं हाच बॉक्स पुरतो.

भूपसुद्धा तुम्ही पहिल्या रेघेवरून पाडला असणार. तोच चौथ्यावरून पाडून बघा, मंद्र ध आणि प मिळतात. भूपात खाली धैवतावर जाऊन परत यायला मिळालं नाही तर तो भूप निम्माच, असं माझं मत.

प्रश्न: आमच्या घरात तीन पिढ्या सतार-तानपुऱ्याचं काम आहे. तुमचा लेख वाचून बॉक्स मागवला. वडिलांनी तानपुरा लावून शेजारी तो वाजवला आणि म्हणाले याचा गंधार चढा आहे, कानस घे आणि उतरव. मी धाडस केलं नाही. खरंच चढा आहे का, आणि उतरवता येतो का? (मिरज)

वडिलांचा कान बरोबर आहे आणि तुम्ही कानस घेतली नाही हेही बरोबर आहे. दोन्ही कसं ते सांगतो.

ही फणी पेटीसारखीच समान भागाच्या सप्तकात लावलेली असते, म्हणजे सप्तकाचे सारखे १२ तुकडे, प्रत्येक तुकडा १०० सेंट. तिथं शुद्ध गंधार सा पासून ४०० सेंटवर येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून जो गंधार आपोआप ऐकू येतो, ज्याला गवई स्वयंभू गंधार म्हणतात, तो असतो ३८६ वर. १४ सेंटचा फरक. धैवतात १६, निषादात १२. पंचमात फक्त २, म्हणून पंचमाबद्दल कुणी तक्रार करत नाही. तुमच्या वडिलांसारख्या माणसाला, ज्यांचं आयुष्य जवारी काढण्यात (घोडी घासून तारेचा झंकार जुळवण्यात) गेलं, त्यांना १४ सेंट म्हणजे दगड लागल्यासारखं लागणार.

हे भांडण आपल्याच भागातलं आहे बरं का, आणि जुनं आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी २२ श्रुतींची, म्हणजे सप्तकातल्या बारीक सुरांची मापं काढून १९१० मध्ये पुस्तक काढलं, त्या कामात मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब त्यांच्यासोबत होते, आणि क्लेमेंट्स नावाच्या आयसीएस साहेबाला हे इतकं पटलं की १९११ मध्ये साताऱ्यात चक्क फिलहार्मोनिक सोसायटी निघाली. त्यातून २२ श्रुतींची पेटी बनली, १९१६ च्या बडोद्याच्या परिषदेत ती दाखवली गेली आणि तिथं तिच्यावरून वाद झाला. पुढं १९४० मध्ये रेडिओने पेटीलाच दार बंद केलं ते वेगळंच. म्हणजे तुमच्या वडिलांची तक्रार ही शंभर वर्षांची तक्रार आहे, फक्त यावेळी समोर मुठीएवढा डबा आहे.

आता उतरवायचं कसं. दात म्हणजे एका टोकाला घट्ट बसवलेली पट्टी. टोकाकडून धातू घासला की वजन कमी होतं, दात जोरात हलतो, सूर चढतो. मुळाशी घासला की तिथला ताठपणा कमी होतो, सूर उतरतो. जुन्या सिलिंडरवाल्या बॉक्समध्ये खालच्या सुरांच्या दाताखाली शिशाचे तुकडे चिकटवलेले असतात तेही त्याच हिशोबाने, टोकाला वजन वाढलं की सूर खाली. अशी फणी पहिल्यांदा १७९६ मध्ये जिनिव्हाच्या अँटवान फाव्र नावाच्या घड्याळजीने केली, आणि सूर लावायची रीत अजून तीच, घासायचं किंवा वजन द्यायचं. म्हणजे गंधार उतरवायला मुळाशी घासायला लागेल, आणि मूळ ही नेमकी अशी जागा आहे की एक खोल ओरखडा गेला तर दात तिथूनच मोडणार. कडक केलेलं स्टील आहे, सतारीच्या पडद्यासारखं दोरा सैल करून परत सरकवता येत नाही, एकदा गेलं ते गेलं.

पण माझा खरा आक्षेप तो नाहीच. समजा मोडला नाही, समजा ई चा दात छान १४ सेंट उतरवला. सा पहिल्या रेघेवर धरून भूप वाजवला, गोड लागला, वडील खूश. आता तिसऱ्या रेघेवर सा धरून भैरवी लावा. ई हाच आता सा आहे, तो १४ ने खाली गेलाय, आणि बी चा पंचम जिथल्या तिथं आहे. म्हणजे पंचम आधीपेक्षा १४ सेंट चढा. चढा गंधार माणूस सहन करतो, पंचम चढा कोण सहन करेल? आणि यमन चौथ्या रेघेवरून वाजवायचा तर गंधार ए वर येतो, त्याला तुमच्या त्या घासण्याचा काडीचा उपयोग नाही. सा फिरवता येतो ही या बॉक्सची सगळ्यात मोठी गंमत, ती एका दातासाठी घालवायची का? २२ श्रुतींच्या पेटीची अडचण याच जातीची होती म्हणा.

अजून एक गोष्ट करून बघा. तोच बॉक्स तानपुरा बंद करून ऐका. गंधार तेवढा टोचत नाही. पेटीचा सूर लांब धरलेला असतो, त्याच्या वरच्या सुरांची तानपुऱ्याशी टक्कर होत राहते आणि लहरी ऐकू येतात. फणीच्या दाताचा सूर लगेच विरतो, शिवाय दातातून निघणारा दुसरा सूर मूळ सुराच्या सहा पटीच्या थोडा वर असतो, नीट दुप्पट तिप्पट नसतो, त्यामुळं तशी टक्कर व्हायला जागाच उरत नाही. तानपुरा शेजारी असला तरच गंधार टोचतो, म्हणून त्याच्याबरोबर हा बॉक्स लावू नये असं मी सांगेन. ज्यांच्या सतार-तानपुऱ्याला २०२४ मध्ये जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं त्या गावातल्या माणसाला मी हे सांगतोय, लहान तोंडी मोठा घास, पण सांगतोय.

अगदी हात शिवशिवत असतील तर भेटवस्तूच्या दुकानातला चावीचा १८ दातांचा स्वस्तातला घ्या आणि त्याच्यावर कानस चालवून बघा. पहिले दोन-तीन दात मोडतील. मग पुढचं ठरवा.

प्रश्न: एकच सूर लागोपाठ दोनदा पाडला की दुसरा वाजतच नाही. बॉक्स खराब आहे का, परत करू का? (कराड)

परत करू नका, बॉक्स चांगला आहे. चकती एकदा फिरली की तिचं पुढचं टोक जागेवर यायला कागद तेवढा सरकावा लागतो. एकाच रेघेवरच्या दोन भोकांत साधारण ८ मिलिमीटर अंतर पाहिजेच, त्याच्या आत पाडलं की दुसरं भोक वाया. छापील पट्टीवर एका मात्रेला ८ मिमी असतात म्हणून ठायीत (मात्रेला एक सूर) अडचण येत नाही, दुगुनीत (मात्रेला दोन सूर) तोच सूर आला की गेला. उपाय म्हणजे मात्रेला १६ मिमी धरून सगळी पट्टी ताणायची आणि हँडल दुप्पट जोरात फिरवायचं. कागद दुप्पट लागतो, हात दुखतो. नाहीतर दुसरा सूर वरच्या सप्तकातला टाका, ऐकणाऱ्याला कळतसुद्धा नाही. वेगवेगळ्या रेघांवरची भोकं कितीही जवळ चालतात, त्याचा फायदा घेऊन कणसूर टाकता येतो, मुख्य सुराच्या दीड-दोन मिमी आधी शेजारचा सूर पाडा. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, मात्र विसरा.

प्रश्न: मी निवृत्त शिक्षक. ३० सुरांचा बॉक्स मुलीने पाठवला. दोन शंका. एक, खालच्या बाजूला मधलेच काही सूर का गाळलेत? दोन, पट्टीवर जिथं सी लिहिलंय तिथलं भोक वाजवलं तर माझ्या पेटीवर पांढरी चार जुळते, पांढरी एक नाही. फसवणूक झाली का? भैरव बसवायचा आहे. (शाहूपुरी, सातारा)

गुरुजी, दुसऱ्या शंकेपासून सुरू करतो कारण ती सोपी आहे. फसवणूक नाही. ३० सुरांचे काही बॉक्स असे असतात की रेघांमधली अंतरं ठरल्याप्रमाणेच, पण सगळी फणीच एका मध्यमाने वर लावलेली, म्हणजे छापील सी वाजवला की ऐकू येतो एफ. पट्टीच्या दृष्टीने काही फरक पडत नाही. कुणी दुसरा पेटीवर साथ करणार असेल तरच आधी जुळवून घ्या. मोबाईलवरच्या ट्यूनर ॲपवर पण फार विसंबू नका, दाताचा तो टिंग असा पहिला आवाज ॲपला गोंधळात टाकतो, दोन-तीनदा वाजवून शेवटचा विरता सूर बघायचा.

आता गाळलेले सूर. खालून मोजत चला: पहिल्या पाच रेघा सी, डी, जी, ए, बी. मग मधल्या सप्तकात सी, डी, ई, एफ आणि तिथून पुढं काळ्या पट्ट्या सुरू होतात, ९ व्या रेघेच्या एफ पासून ते २८ व्या रेघेच्या सी पर्यंत एकही सूर गाळलेला नाही, काळ्या-पांढऱ्या सगळ्या ओळीने २०. शेवटी दोन सुट्या, डी आणि ई. खालचे ते पाच-सहा सूर हे विलायती गाण्यात खालून साथ द्यायला असतात, त्यांच्या सी आणि जी च्या पट्टीतल्या गाण्यांना तेवढे पुरतात, चाल वरती सलग २० मध्ये फिरते. आपल्याला साथीचं ते प्रकरण नको असतं, आपण ते मंद्र म्हणून वापरायचे.

माझा शोध असा की बहुतेक चालींना सा ११ व्या रेघेवर, छापील जी वर धरावा. मध्य सप्तकातले सगळे १२ सूर मिळतात. वर २८ पर्यंत म्हणजे तार मध्यमापर्यंत सगळे, मग २९ ला तार प आणि ३० ला तार ध. खाली १० ला शुद्ध नि, ९ ला कोमल नि, ८ ला शुद्ध ध, ७ ला प. बघा, मंद्रात फक्त कोमल धैवत नाही, बाकी पंचमापर्यंत सगळं हजर. छापील सी वर सा धरून हे जमत नाही आणि दुकानातली चिठ्ठी तुम्हाला तेच करायला सांगते.

पण तुम्हाला नेमका भैरव पाहिजे! आणि भैरवात मंद्र कोमल धैवत म्हणजे जीव. ध नि सा असं खालून आंदोलन घेत (सूर हळू झुलवत) येणं नसेल तर भैरव कशाला वाजवायचा. म्हणून तुमच्यासाठी सा १६ व्या रेघेवर. रे कोमल १७, ग २०, म २१, प २३, ध कोमल २४, नि २७, तार सा २८. खाली नि १५, ध १२, प ११, म ९, आणि ग सुद्धा आहे ८ वर. गेलं काय तर तार सप्तकातला कोमल रे, कारण २८ नंतर एकदम डी येतो. तेव्हा अंतरा तार सा वर थांबणारा निवडा. तार रे ला हात लावणारी बंदिश असेल तर मग सा ११ वर आणि मंद्र धैवतावर पाणी सोडायचं. दोन्ही मिळत नाही. आंदोलन तर मिळतच नाही, धैवत नुसता टिंग वाजून गप्प बसतो, कोमल रे पण तसाच. हे आधीच सांगून ठेवतो, वाजवल्यावर रागावू नका.

तुमचा बॉक्स वर लावलेला आहे म्हणजे १६ वरचा सा पेटीवर पांढरी चारला जुळेल. ११ वरचा सा पांढरी एक. पेटी उघडून एकदा बघाच.

प्रश्न: कोणता कागद वापरायचा? विकतच्या पट्ट्या परवडत नाहीत. (वाई)

कार्डशीट, १६० ते १८० जीएसएम. त्याहून पातळ घेतला की कागद चकत्यांखाली दुमडतो, जाड घेतला की हँडल जड होतं. १५ सुरांना पट्टीची रुंदी ४१ मिमी, ३० ला ७० मिमी, रेघांमधलं अंतर दोन्हीला २ मिमी. पण कापायच्या आधी तुमच्या बॉक्सबरोबर आलेली पट्टी मोजून घ्या, आणि कापताना स्टीलची पट्टी आणि कटर, कात्रीने नको, अर्धा मिमी वाकडं गेलं की सगळी भोकं शेजारच्या दाताला लागतात. ए३ कागदाची लांबी ४२० मिमी, म्हणजे तीनतालाची तीन आवर्तनं (३८४ मिमी) बसून पुढं धरायला शेपूट उरतं. जोडताना टोकं एकमेकांवर चढवू नका, समोरासमोर भिडवून मागून पातळ सेलोटेप लावा. पावसाळ्यात तुमच्याकडं कागद पापडासारखा मऊ पडतो, पट्ट्या डब्यात ठेवा, तांदळाची पुरचुंडी टाका.

प्रश्न: काका, भूपची पट्टी चुकून उलटी घातली तर काहीतरी वेगळंच वाजलं, एकदम गूढ, सकाळचं देवळातलं वाटतं तसं. आजी म्हणाली हा कुठला तरी राग आहे. असं असतं का? (दहावी, गावभाग, सांगली)

आजीला माझा नमस्कार सांग, आजी बरोबर आहे.

पट्टी पालथी घातली की पहिली रेघ पंधराव्यावर जाते, दुसरी चौदाव्यावर, असं. आठवी जागच्या जागी. म्हणजे खालचा सूर वर, वरचा खाली, चाल वर चढत होती ती उतरायला लागते. आता तू भूप कुठून पाडलास त्यावर आहे. पहिल्या किंवा आठव्या रेघेवर सा धरला असशील तर उलटल्यावर उरतात सी, ई, एफ, ए, बी. ई ला सा मानून म्हणून बघ: सा, कोमल रे, म, प, कोमल ध. हे गुणकलीचे सूर. पहाटेचा राग, म्हणून तुला देवळातलं वाटलं.

आणि चौथ्या रेघेवर सा धरून भूप पाडला असशील तर उलटल्यावर ई पासून निघतात सा, कोमल रे, कोमल ग, प, कोमल ध. म्हणजे भूपाल तोडी! भूप उलटा केला तर भूपाल तोडी, हे मी पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा दोनदा तपासलं, खरं वाटेना. पण सूर जुळले म्हणजे राग झाला असं नाही हं, भूपचा सा तिकडं जाऊन गंधार होतो, त्यामुळं चाल भलत्याच ठिकाणी टेकते, जाणकार ऐकेल तर हसेल. आजीला विचार ती तुझ्या पट्टीत काय बदलेल. तिला नीट कळतंय असं दिसतंय.

३० सुरांच्या बॉक्सवर हा खेळ जमत नाही, तिथं रेघा दोन्ही बाजूंनी सारख्या नाहीत, नुसता गोंधळ वाजतो.

प्रश्न: २०१९ च्या पुरात घरात पाणी होतं, त्यात माझा बॉक्स भिजला आणि नंतर माळ्यावर राहिला. आता काढला तर हँडल फिरतं पण खालचे तीन सूर बेसूर आणि एक दात नुसता टक वाजतो. एका दुरुस्तीवाल्याने फणीवर तेल ओतून दिलं, आता तर सगळंच मेल्यासारखं वाजतंय. (सांगलीवाडी)

तेल फणीवर कुणी ओतलं त्यांना देव बुद्धी देवो. तेल फक्त हँडलच्या गिअरला आणि चकत्यांच्या दांडीला, शिवणयंत्राचं, सुईच्या टोकाने एकेक थेंब, फणीला अजिबात नाही, दातांच्या फटीत तेल बसलं की ते सूर दाबून टाकतं. आधी पेट्रोलमध्ये, लायटरचं असतं ते, मऊ ब्रश बुडवून मुळाकडून टोकाकडं असं झाडत तेल काढा, उघड्यावर आणि गॅसपासून लांब. दोन दिवस वाळू द्या. निम्मा आवाज तिथंच परत येईल.

मग बेसूर दात. ते चढलेत की उतरलेत हे आधी बघा. उतरले असतील तर गंजाने मूळ खाल्लंय आणि ते दुरुस्त होणारं नाही, टोकाकडून घासून चढवता येईल पण मूळ आधीच नाजूक झालेलं असणार. चढले असतील तर टोक खाल्लंय, तिथं अगदी कणभर डाग द्यायचा, सोल्डरिंगचं काम चांगलं येणाऱ्या मोबाईल रिपेअरवाल्याकडून, तोही दात तापू न देता. जो टक वाजतो तो बहुतेक मुळाशी चिरलाय, तो गेलाच.

पण तुमचा १५ सुरांचा आहे ना, आणि बिघडलेले खालचे तीन. मग १, २, ३ या रेघा सोडून द्या आणि सा पाचव्यावर धरून दुर्गा वाजवा: ५, ६, ८, ९, १०, आणि तार सा १२. त्याच्या खाली चौथ्या रेघेला जायचं कारणच पडत नाही.